अनसूयाबाईंचं मनोगत

आमच्या घरात भाषेवरून रोज लढाई व्हायची, आणि ती खऱ्या लढाईच्या कितीतरी आधीपासून चालू होती. बाबा अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि वक्तृत्व स्पर्धेला मुलं तयार करायचे. आई अंजनगावकडची, शेतकऱ्याची लेक. ती 'मले-तुले' म्हणायची आणि मरेपर्यंत म्हणाली. बाबांच्या कानाला ते टोचायचं. आईला सुधारणं त्यांना जमलं नाही, म्हणून सगळा जोर माझ्यावर. ओसरीत भिंतीकडे तोंड करून मला उभं करायचे आणि एकच वाक्य दहादा म्हणायला लावायचे, कधी रागात, कधी करुणेत, कधी आव्हान दिल्यासारखं. आतून भाकरी थापल्याचा थप-थप आवाज यायचा, जवसाची चटणी कुटल्याचा खमंग वास यायचा, माझ्या पोटात कावळे ओरडायचे आणि तोंडात मात्र भारतमाता. मग आई ओरडायची, "अवो, पोट्टीले जेऊ त द्या! उपाशी पोटानं कायची करुणा येते?" बाबा म्हणायचे, "उपाशी पोटीच येते." या बाबतीत बाबांचं बरोबर होतं, असं मला आता वाटतं, पण तेव्हा मी दोघांवरही चिडलेली असायचे.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा लढाई सुरू झाली. हिवाळा होता. तुरीच्या ओल्या दाण्यांची सोले-वांग्याची भाजी घराघरात शिजत होती, संत्र्यांच्या गाड्या बाजारात लागत होत्या, आणि आम्ही खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवत होतो. आमच्या गल्लीत रेडिओ फक्त आमच्याकडे. संध्याकाळच्या बातम्यांना सगळी गल्ली ओसरीत यायची, बायका दारापाशी, पुरुष सतरंजीवर. आणि बरोबर वेळेवर यायचे नानासाहेब वकील. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, खिशात लवंगा. शहरातल्या मोठ्या लोकांनी एक लोकजागृती समिती काढली होती आणि नानासाहेब तिचे प्रवक्ते होते. हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. बातम्या संपल्या की रेडिओ बंद व्हायचा, नानासाहेब उभे राहायचे, एक लवंग दाढेखाली धरायचे आणि म्हणायचे, "आता याचा अर्थ काय, ते सांगतो." तो अर्थ बातमीपेक्षा नेहमीच चांगला असायचा. लोक हलक्या मनानं घरी जायचे. खोटं कशाला बोलू, मीही जायचे, म्हणजे आतल्या खोलीत.

नानासाहेबांनी माझं एक भाषण ऐकलं होतं. एके दिवशी ते बाबांना म्हणाले, "मास्तर, ही पोर मला द्या. जीपवर बसेल, गावोगाव बोलेल. बाईचा आवाज लोकांच्या काळजात जातो." बाबा फुलून गेले. आई म्हणाली, "जीपवर? भोंगा लावून? पोट्टीचं लगन करा लागते म्हटलं मले." पण तिचं कोण ऐकतं! मी जीपवर चढले ती चढलेच. वलगाव, आष्टी, रिद्धपूर, पार दर्यापूरपर्यंत फिरले. आणि जीपमध्ये माझी दुसरी शाळा सुरू झाली. नानासाहेब शिकवायचे फार छान. शत्रूचे लोक मेले तर त्यांचा खात्मा होतो, आपले गेले तर त्यांना वीरगती मिळते. ते मागे हटले तर पळाले, आपण मागे आलो तर फेरमांडणी केली. आपलं नुकसान नेहमी किरकोळ. "आणि निर्मला, आकडा कधी सांगायचा नाही. आकडा ऐकला की माणूस मोजायला लागतो आणि मोजायला लागला की घाबरतो." मी विचारलं होतं, "पण नानासाहेब, हे खरं नसलं तर?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाळ, घरात आजारी माणूस असला तर डॉक्टर दारात उभा राहून ओरडतो का? लोकांचं मन खचलं तर लढाई आपण आधी घरातच हरतो." मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. सतरा वर्षांच्या पोरीच्या हातात माइक दिला आणि हजार माणसं तोंडाकडे बघायला लागली, की तिला काय वाट्टेल ते पटतं.

परवा-परवा इथे अकोल्यात माझ्या घरी टीव्हीवर असाच एक प्रवक्ता बोलत होता. सूट घातलेला, मागे झेंडे, खाली लाल पट्टी सरकतेय. माझी नात म्हणाली, "आजी, किती कॉन्फिडन्ट आहे ना हा!" मी म्हटलं, "कॉन्फिडन्सचं काय घेऊन बसलीस! त्यानं 'नुकसान' शब्द म्हणण्याआधी आवंढा गिळला, तो पाहिलास का?" तिला वाटतं, म्हातारीला प्रत्येक माणसात खोट दिसते. दिसते. मी त्या धंद्यात होते, बाई.

तर वलगाव. तिथल्या अनसूयाबाईंचा एकुलता एक मुलगा वासुदेव फौजेत होता. नवरा जाऊन वर्षं झालेली, शेत दीर कसायचा. त्यांच्या घरी तार आली की वासुदेवचा पत्ता लागत नाही. इतकंच. गेला असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. नानासाहेबांनी तार पाहिली, घडी घातली आणि म्हणाले, "पत्ता लागत नाही म्हणजे काय, ते आपल्याला कळतं. आपण त्या माउलीचा सत्कार करू. अमरावतीत, मोठ्या मैदानावर. जिल्ह्याला आज एक वीरमाता हवी आहे." मग त्यांनी मला वलगावला पाठवलं. दोन कामं होती. वासुदेवचा फोटो आणायचा आणि आईचं मनोगत लिहून घ्यायचं.

अनसूयाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. उंच, काटक बाई, कपाळावर गोंदण. मी सांगितलं, समितीकडून आले. त्यांनी मला हात धरून आत नेलं, भाकर वाढली, सोल्यांची भाजी वाढली, आणि मी नको-नको म्हणत असताना तुपाची धार सोडली. "खाय वं माय. वासू बी असाच नाई-नाई म्हन्ते आन् तीन भाकरी खाते." म्हन्ते. खाते. बाई वर्तमानात बोलत होत्या, आणि मी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. फोटो मागितला तेव्हा त्यांनी देवळीतून काढून पदरानं पुसला. "न्या, न्या. मोठा करून लावसान त बरंच होईन. कोनाले दिसला त सांगन तरी." फोटो शोधायसाठी नेतेय असं त्यांना वाटलं होतं, हे मला स्वच्छ कळलं होतं, आणि मी माझी जीभ दातांखाली धरून बसले. मग वही काढली. "मावशी, काय लिहू?" त्या म्हणाल्या, "लिव. माह्यं पोरगं कुठं हाय थे सांगा. जित्तं असन त आना. मेलं असन त दाखवा." इतकंच. मी ते लिहून घेतलं, आणि अमरावतीला परतल्यावर नानासाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "हे तिच्या मनातलं दुःख झालं. मनोगत वेगळं. तू नीट मांड."

मी मांडलं. कोणी सक्ती केली नव्हती. मीच ओसरीत बसून, जीभ बाहेर काढून, खोडून-खोडून लिहिलं: 'माझा वासुदेव देशाच्या कामी आला, याचे मला दुःख नाही. आणखी एक पुत्र असता, तर तोही मी हसत हसत दिला असता.' बाबांनी वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नानासाहेबांनी एकही शब्द बदलला नाही, आणि त्याची नक्कल त्याच दिवशी छापायला वर्तमानपत्राकडे दिली. मला वाटलं होतं, आयुष्यात याहून चांगलं वाक्य मी लिहिणार नाही. लिहिलंही नाही म्हणा.

सत्काराच्या दिवशी मैदान भरून गेलं होतं. मंडपामागे हलवाई बुंदी पाडत होता, आलेल्या प्रत्येकाला द्यायला. मंचावर वासुदेवचा फोटो, माणसाएवढा मोठा केलेला, आणि त्याला झेंडूचा हार. हार मीच घातला होता, सकाळी, स्टुलावर चढून, समोरून पाहून दोन्ही बाजू सारख्या करत. अनसूयाबाई दिरासोबत जीपमधून उतरल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. मी त्यांना मंडपामागे खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. वासाकडे नाक करून त्यांनी मला विचारलं, "बुंदी कायले वं?" मी म्हटलं, "लोकांना वाटायला, मावशी." मग कनातीच्या फटीतून त्यांना मंच दिसला. फोटो दिसला. त्यांनी कनात आणखी थोडी बाजूला सारली. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, "हार कोनं घातला?"

मला वाटलं, धरणी दुभंगावी. आमच्याकडे फोटोला हार कधी घालतात हे तान्ह्या पोराला कळतं, आणि बुंदी तेराव्याच्या जेवणाला पाडतात हेही. पण सबंध समितीला ते कळलं नव्हतं, आणि हार घालणाऱ्या या शहाणीलाही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "मी घातला." त्या म्हणाल्या, "आन् कागदावर काय लिवलं? वाच." मी वाचलं. पहिल्यांदा मला माझं वाक्य ऐकू आलं. हसत हसत. त्यांनी माझं मनगट पकडलं, त्या खरबरीत हाताची पकड मला आजही आठवते. "मी कवा हसली वं, पोरी? तू त माह्या घरी जेवली. गावच्या बाया मले म्हने, तेरवी करून टाक. म्या म्हटलं, मडं नाई, राख नाई, तेरवी कायची? आन् तुमी मंडप टाकून, बुंदी पाडून माह्या पोराची तेरवी करून राहिले! आज म्या हे सत्काराचं शाल-नारय घेतलं, का उद्या कोन शोधन त्याले? सांग ना. कोन शोधन?"

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही घरी जा. मी सांगते तब्येत बिघडली म्हणून." त्या म्हणाल्या, "काहून जाऊ? मी चोर हाय का?" आणि मग: "मले इतक्या मानसाइत बोलता येत नाई. तुले येते. म्या जे सांगतलं होतं थे सांग. आन् तवरी मले सत्कार नाई पाह्यजे, हे बी सांग. बस." तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं गेलं. मी मंचावर गेले. पहिल्या रांगेत बाबा होते, इस्त्रीचा कोट घालून. अनसूयाबाई फोटोशेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. माझ्या हातात कागद होता. 'मी, वलगावची अनसूया,' असं मी सुरू केलं, बाबांनी शिकवलेल्या सुरात, आणि थांबले. मग मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "हे मनोगत मी लिहिलंय. या मावशींनी हे म्हटलेलं नाही. त्यांनी जे म्हटलं ते असं आहे: माह्यं पोरगं कुठं हाय थे सांगा. जित्तं असन त आना. मेलं असन त दाखवा. तवरी मले सत्कार नाई पाह्यजे."

मैदान असं चिडीचूप झालं की कढईत बुंदी पडल्याचा आवाज ऐकू आला. मग नानासाहेब उठले. कसलेला माणूस, क्षणभरही गडबडले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला बाजूला केलं आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "बंधू-भगिनींनो, पाहिलंत! मातृहृदय आहे. भावना अनावर झाल्या. या अश्रूंपुढे आपण सगळे नतमस्तक होऊ या." लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. एका मिनिटात त्या माणसानं सगळं परत आपल्या पोत्यात भरलं होतं. आणि तेव्हा अनसूयाबाई उठल्या. इतक्या माणसांत बोलता येत नाही म्हणणारी बाई माइकपाशी आली आणि म्हणाली, "मी रडून नाई राहिली. मी इचारून राहिली."

टाळ्या थांबल्या. त्या फोटोकडे वळल्या, टाचा उंच करून हार काढला, आणि नानासाहेबांसमोरच्या टेबलावर ठेवला. मागून कोणीतरी ओरडलं, "सांगा ना बाप्पा, कुठं हाय पोट्टं!" मग दुसरा. मग बायकांच्या बाजूनं एक आवाज, मग तिथूनच चार. नानासाहेबांनी बँडवाल्यांना खूण केली आणि बँड वाजायला लागला. अनसूयाबाई बँडच्या गोंगाटात मंचावरून उतरल्या आणि जीपकडे न बघता सरळ वलगावच्या रस्त्यानं चालू लागल्या. दीर मागून धावत होता.

घरी बाबा माझ्याशी बोलेनात. ताटावर बसल्यावर मात्र फुटले, "काय म्हणायचं ते म्हणायचंस! पण भरसभेत 'मले'? 'पाह्यजे'? इतकी वर्षं मी काय दगडाला शिकवलं?" आईनं भाजीचं भांडं आपटलं. "मंग काय, त्या बाईच्या तोंडात पुण्याची मराठी घालाची होती का? पोट्टीनं जसं हाय तसं सांगतलं. बरं केलं. आनखी बोलली असती तरी चाललं असतं." आईनं बाबांना भांडं आपटून बोललेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या क्षणी मला ती माझ्या बापाच्या दहा वक्तृत्वांपेक्षा मोठी वाटली, आणि मी ते म्हटलंही. बाबा अर्ध्या जेवणावरून उठून गेले.

सकाळी वर्तमानपत्र आलं. पहिल्या पानावर वासुदेवचा फोटो, हारासकट. त्याखाली ठळक अक्षरात माझं वाक्य, अनसूयाबाईंच्या नावावर. नक्कल आधीच गेली होती ना! सभेत काय झालं त्याचं एक अक्षर नव्हतं. 'वीरमातेच्या उद्गारांनी सभा गहिवरली,' एवढंच. बाबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चप्पल घाल." आम्ही दोघं छापखान्यात गेलो. बाबा म्हणाले, "हे त्या बाईचे शब्द नाहीत, माझ्या मुलीचे आहेत. दुरुस्ती छापा." संपादक बाबांचे जुने विद्यार्थी. त्यांनी चहा मागवला आणि हात जोडले. "सर, लढाई चालू असताना अशा दुरुस्त्या छापत नसतात." बाबांनी चहाला हात लावला नाही. नानासाहेब नंतर आमच्या ओसरीत कधी आले नाहीत. रस्त्यात एकदा भेटले तेव्हा म्हणाले, "उद्या अजून दहा आया विचारायला लागल्या तर काय करशील?" मी म्हटलं, "तर दहा जणींना सांगा ना, काय झालं ते." त्यांनी मान हलवली, जसं काही मी नापास झाले.

मी पेपर घेऊन वलगावला गेले. एकटी, एस.टी.नं. वाटलं होतं, त्या मला दारातूनच हाकलतील, आणि हाकललं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी बसायला पोतं टाकलं. मी पायावर डोकं ठेवून रडले, माफी मागितली, सगळं वाचून दाखवलं, त्या 'हसत हसत'सकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाल्या, "आता हे वलगावच्या अनसूयानं म्हटलं, असंच लोकं समजतीन. मेली तरी समजतीन. व्हय ना?" मी म्हटलं, "व्हय." त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "तुले लिवता चांगलं येते. थ्या वकिलासाठी लिवलं तसंच आता माह्यासाठी लिव. ज्याइनं तार पाठवली, त्याइले."

ते पहिलं पत्र. तीन ओळींचं. सही म्हणून अंगठा. उत्तर आलं की शोध चालू आहे. लढाई संपली, कैदी परत आले, त्यांत वासुदेव नव्हता. मी पुन्हा लिहिलं. लग्न होऊन अकोल्याला आले, शाळेत नोकरी लागली, पोरं झाली; दर दिवाळीनंतर वलगावला जायचं, पत्र लिहायचं, अंगठा घ्यायचा. उत्तरं यायची, छापील, सभ्य, दरवेळी नवा शब्द: प्रलंबित, विचाराधीन, पाठपुरावा सुरू. नानासाहेबांच्या शाळेत शिकल्यामुळे मला ते शब्द बरोबर वाचता येत. अनसूयाबाईंनी तेरवी केली नाही. गावानं त्यांना हट्टी म्हटलं, बह्याड, म्हणजे खुळी, म्हटलं. पंचायतीनं चौकात वासुदेवच्या नावाची फरशी लावायची ठरवली तर त्या तिथं जाऊन बसल्या आणि लावू दिली नाही. शेवटच्या वर्षी त्यांना नीट बोलताही येत नव्हतं, तरी मला पाहून त्यांनी अंगठा पुढे केला.

त्या गेल्यावर मी कुठे काही बोलायला गेले नाही. फक्त त्या वर्षीचंही पत्र पाठवलं, अंगठ्याच्या जागी 'अर्जदार वारल्या' असं लिहून. महिन्याभरात उत्तर आलं: अर्जदार हयात नसल्याने सदर पत्रव्यवहार बंद करण्यात येत आहे. मी ते वाचलं आणि संतापानं टेबलावर आपटलं. नवरा म्हणाला, "आता सोड, निर्मला." मी म्हटलं, "काहून सोडू?" बाबांच्या घरात वाढलेली, शाळेत पोरांना शुद्धलेखन शिकवून निवृत्त झालेली मी, काहून म्हणाले. कागद घेतला. वर लिहिलं, अर्जदार: निर्मला, राहणार अकोला. अर्जात नातं सांगावं लागतं, तिथं लिहिलं: वासुदेवच्या फोटोला मी हार घातला होता. आणि खाली, मोठ्या अक्षरात: वलगावच्या अनसूयाबाईंचा मुलगा कुठे आहे?

यंदाचं पत्र मागच्या मंगळवारी टाकलं. पाकीट चिकटवताना नातीनं विचारलं, "आजी, तुझ्यानंतर कोण लिहिणार?" मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पाकिटावरचा पत्ता आपल्या मोबाइलमध्ये टिपून घेतला.